शेजारचा रोल नंबर

एफवाय बीएस्सीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी टेबलावर लाजाळूची कुंडी ठेवते. अभ्यासक्रमात ती नाही. पण पावसाळ्यातल्या त्या दुपारी दाराशी छत्र्या टेकवून आत आलेली वीस-बावीस मुलं इतकी गप्प असतात की काहीतरी चाळा हवाच. सदाशिव पेठेत चार दिवसांपूर्वी कॉट बेसिसवर राहायला आलेला लातूरचा मुलगा, बारावीपर्यंत एकाच मैत्रिणीच्या शेजारी बसलेली कोथरूडची मुलगी, सगळेच आपापल्या रोल नंबरच्या स्टुलावर अवघडून बसलेले. (पुण्याची मुलं बुजत नाहीत, हा बाहेरगावच्यांचा गैरसमज आहे.) मग एखादं बोट पुढे येतं, पान मिटतं आणि कुणीतरी हसतं.

पानाच्या देठाशी एक फुगीर गाठ असते. धक्का बसला की तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, त्या पेशी ढिल्या पडतात आणि पान मिटतं. मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं, म्हणजे लाजणं झाडाला परवडणारं नसतं. संशोधक मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लाजाळूच्या कुंड्या १५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली पडू दिल्या, एका फेरीत ६० वेळा. सुरुवातीला पानं झटकन मिटली. पुढे पुढे ती मिटेनाशी झाली. थकली म्हणावं, तर वेगळ्या प्रकारे हलवल्यावर लगेच मिटत होती. २८ दिवसांनी पुन्हा पाडलं तेव्हाही झाडांचा सराव मोडलेला नव्हता. याला ‘शिकणं’ म्हणावं का, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद झाला. निरुपद्रवी धक्क्याची सवय होणं हा गुण मात्र गोगलगायीपासून माणसापर्यंत सगळ्यांत सापडतो.

माणसात या बुजरेपणाचं मूळ फार आधी दिसतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे अनोळखी खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडू लागली आणि मोठेपणी बुजरी होण्याची शक्यता याच बाळांमध्ये जास्त निघाली. अर्थात, त्यातली सगळी तशी राहिली नाहीत. केगन यांच्यासह काम करणाऱ्या कार्ल श्वार्ट्‌झ यांनी २००३ साली, दोन वर्षांचे असताना बुजरे असलेल्या तरुणांचे मेंदू तपासले. वय साधारण बावीस. नवे चेहरे दाखवले की त्यांच्या अमिग्डलात, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेत, इतरांपेक्षा जास्त हालचाल दिसली. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिल्यावर घशाला कोरड पडते, त्यामागे ही घंटा असते. ‘शिष्ट आहे, कुणाशी बोलत नाही’ हा होस्टेलवरचा शेरा म्हणूनच मला खटकतो.

इथे लाजाळूची उपमा थोडी लंगडी पडते. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जेनिफर ब्लॅकफर्ड यांच्या गटाने २०१३ साली तेच चेहरे पुन्हा पुन्हा दाखवून पाहिले. मोकळ्या स्वभावाच्या लोकांत अमिग्डलाचा प्रतिसाद ओसरला, बुजऱ्यांत त्या वेळेपुरता तरी ओसरला नाही. म्हणजे बुजऱ्या मुलाला जास्त फेऱ्या लागतात. आणि आपण त्याला सांगतो काय? ‘जरा मिक्स हो, फ्रेशर्सला स्टेजवर जा.’ रोज नवे चेहरे आणि रोज नवी जागा, म्हणजे सवय व्हायच्या आतच पुढचा धक्का! त्यापेक्षा तोच बेंच, मेसची तीच वेळ, सकाळची तीच पीएमटी बस बरी. (लोक अजून पीएमटीच म्हणतात.) भीतीपायी जेवण आणि प्रॅक्टिकल बुडू लागलं, तर मात्र तो नुसता स्वभाव राहत नाही. कॉलेजच्या समुपदेशकाला गाठावं किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोलावं.

तोच बेंच धरून ठेवल्याने काय होतं? मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली चार मुलींना एका वर्गात पाठवलं. एक कधीच गेली नाही. बाकीच्या ५, १० आणि १५ तासांना जाऊन नुसत्या बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी वर्गाला फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा दिसली ती जास्त आवडली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी चिठ्ठ्या काढाव्यात तशा जागा दिल्या होत्या. वर्षभरानंतर मैत्री जास्त घट्ट निघाली ती त्या दिवशी शेजारी किंवा एका रांगेत बसलेल्यांची. आमच्याकडे चिठ्ठीचं काम रोल नंबर करतो.

बुजऱ्या मुलांना आणखी एक हिशेब नेहमी चुकीचा येतो. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असं वाटतं, त्याहून जास्त आवडलेलो असतो. बुजऱ्यांत ही तफावत मोठी होती. येल विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्येही ती अनेक महिने टिकली आणि वर्ष संपता संपता मिटली. ‘मी काहीतरी येड्यासारखं बोललो’ म्हणून रात्री कॉटवर तळमळणाऱ्याच्या पार्टनरला तेव्हा शांत झोप लागलेली असते.

आमच्या प्रयोगशाळेत ओळखीची सुरुवात बहुधा ‘ब्लेड आहे का?’ने होते. सूर्यफुलाच्या खोडाचा पातळ काप, म्हणजे सेक्शन, जुन्या ब्लेडने निघत नाही, म्हणून शेजाऱ्याकडे मागावं लागतं. पुढच्या आठवड्यात काप रंगवायच्या सॅफ्रनिनची बाटली सरकते. त्यानंतर ‘तुझ्या स्लाइडमध्ये बुडबुडा आलाय’, आणि मग कधीतरी जर्नल.

एका वर्षी ऑक्टोबरात वेळापत्रक फिरलं आणि मला बॅचेस बदलाव्या लागल्या. यादी बोर्डावर लावली. तीन महिने हजेरीला ‘येस मॅडम’पलीकडे अक्षर न बोललेला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. कानाच्या पाळ्या लाल. शेजारच्या रोल नंबरवाला त्याच्या मागे, अर्धा दाराआड.

“मॅडम,” तो म्हणाला, “आम्हाला दोघांना एकाच बॅचला ठेवाल का? याला सेक्शन कापता येत नाही.”