थायरॉइडचा थकवा की रक्त कमी असल्याचा थकवा?

ठाणे स्टेशनचा ब्रिज चढताना धाप लागते, विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात, ऐरोलीच्या ऑफिसात बाकी सगळे मजेत बसलेले असतात आणि आपल्याला मात्र एसीखाली शाल लागते, रविवारी दुपारभर झोपून उठलं तरी अंग जड ते जडच. हे कुणाला सांगितलं की एक जण म्हणतं थायरॉइड असणार, दुसरं म्हणतं रक्त कमी झालंय, बीट खा. बरं, दोघांचंही बरोबर निघू शकतं, म्हणून तर घोळ होतो.

हायपोथायरॉइडमध्ये गळ्यातली ग्रंथी हार्मोन कमी बनवते आणि शरीराचा सगळा कारभारच मंदावतो. वजन थोडं वाढतं, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, सकाळी डोळ्यांभोवती सूज, आवाज जरा घोगरा, नाडी हळू. यामागचं नेहमीचं कारण हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते, हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं होतं.

रक्त कमी म्हणजे बहुतेकदा लोह कमी. लोह कमी असतं तेव्हा शरीर मंद झालेलं नसतं, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी पडतं, मग हृदय ती कसर भरून काढायला जास्त जोरात पळतं. म्हणून इथे छातीत धडधड होते, जिना चढला की जास्तच. खालची पापणी ओढून बघितली तर आतून फिक्की दिसते, आणि काहींना माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. हे बर्फाचं कोणी डॉक्टरांना सांगतच नाही, लाज वाटते, पण प्लीज सांगा, खूप उपयोगाची खूण आहे ती.

आता एवढं वाचून घरच्या घरी निदान करू नका, नाडी आणि पापणी बघून फक्त अंदाज येतो. खरं काय ते रक्तात कळतं आणि माझं ठाम मत आहे की दोन्ही तपासण्या एकदमच कराव्यात. थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं हार्मोन). टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, थायरॉइड कमी काम करायला लागला की ते वाढतं, त्यामुळे रिपोर्टवर टीएसएच जास्त दिसलं की "माझा थायरॉइड वाढलाय" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो कमी झालेला असतो. रक्तासाठी नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारी तपासणी, पण करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून बाईला घरी पाठवतात आणि फेरिटिन केलं की कळतं साठा तळाला गेलाय. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

यातला खरा वैताग म्हणजे दोन्ही बऱ्याचदा जोडीनेच येतात. थायरॉइड कमी असला की पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून लोह जातं, आणि थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला स्वतःलाच लोह लागतं. त्यात दोघांची औषधं एकत्र घेतली की भांडतात. लोहाची गोळी थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या हार्मोनला, पोटातच धरून ठेवते, शरीरात नीट शोषूच देत नाही, कॅल्शियमचंही तेच, म्हणून मध्ये किमान ४ तासांचं अंतर लागतं.

माझ्या जावेने हे छान बसवलंय. थायरॉक्सिनची बाटली बाथरूमच्या आरशापाशी, उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अंघोळ, डबे भरणं, मुलाची व्हॅन, आणि चहा पूर्ण तासाभराने. सासूबाई आधी म्हणायच्या, "अगं निदान घोटभर चहा तरी घे", आता त्याच घड्याळाकडे बघून गॅस पेटवतात. लोहाची गोळी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, दुपारी लिंबूपाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच चहा नाही, चहाने ते अडतं. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. लोहाने शी काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ मात्र दोन्हीकडून होऊ शकतं, त्यामुळे लोह सुरू झाल्यावर पोट बिघडलं तर थायरॉइड बिघडला असं धरून चालू नका.

गरोदर असाल तर हे अंतर अजूनच सांभाळा, कारण लोह आणि कॅल्शियम तर देतातच आणि थायरॉक्सिनचा डोसही बहुतेकींचा वाढवावा लागतो, तेव्हा टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

बरं कधी वाटणार? थायरॉक्सिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघतात, त्याआधी बघून नीट कळत नाही. लोहाने हिमोग्लोबिन महिन्याभरात चढायला लागतं पण साठा भरायला त्यापुढे आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बऱ्याच जणी नेमकं इथेच, जरा तरतरी आली की सोडून देतात. थकवा जात नाही म्हणून थायरॉक्सिन मनाने वाढवू तर अजिबात नका, जास्त झालं की धडधड होते, हाडं झिजतात. त्याऐवजी डॉक्टरांना सरळ विचारा, माझं फेरिटिन किती आहे?