हिमदेखावा, फुग्यांचा

हिमदेखावा, फुग्यांचा : समारंभाच्या जागी पांढऱ्या, फिक्या निळ्या व रुपेरी फुग्यांतून उभे केलेले हिवाळी दृश्य. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे हिम. मराठीत मात्र या शब्दाने आधी लादी आणि गोळा आठवतो. म्हणून येथे ‘हिम’ हा शब्द घेतला आहे. इंदूरच्या मराठी घरांत ‘फुगा’ म्हणतात, पण दुकानात ‘फुग्गा’च मागतात.

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मी. उंचीवर वसलेल्या इंदुरात हिमवर्षाव होत नाही. फार तर गारा पडतात. त्यामुळे नाताळ ते संक्रांत या काळातल्या वाढदिवसांत हा देखावा मुलांना विशेष भावतो. गणपतीपुढे कापसाचा कैलास करण्याची घरगुती रीत त्याहून जुनी आहे. कापसानंतर थर्मोकोल आला. सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. फुग्यांच्या प्लास्टिक काड्याही त्याच यादीत होत्या.

रबरी फुग्याचा जनक कोण, याबाबत एकमत नाही. मायकेल फॅरडे यांनी 1824 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराच्या पिशव्या केल्या. रबराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून ते कडा दाबून चिकटवत आणि आतल्या बाजू जुळू नयेत म्हणून पीठ चोळत. पुढच्याच वर्षी टॉमस हॅनकॉक यांनी घरी फुगे बनवण्याचे साहित्य विकायला काढले. व्हल्कनीकृत (गंधकासह तापवून टिकाऊ केलेल्या) रबराचा खेळण्यातला फुगा लंडनच्या जे. जी. इंग्राम यांनी 1847 च्या सुमारास केला, असे सर्वसाधारणपणे मानतात. फॅरडे यांची पिशवी प्रयोगशाळेतले भांडे होते, आणि कच्चे रबर उन्हात चिकट होते. उष्णतेत टिकणारा फुगा इंग्राम यांचा असल्याने त्यांच्याकडे हा मान जाणे अधिक रास्त वाटते. द्रव लॅटेक्समध्ये (रबराच्या चिकात) साचा बुडवून फुगा काढण्याची आजची पद्धत अमेरिकेत नील टिलटसन यांनी 1931 मध्ये रूढ केली. त्यांचा पहिला साचा मांजराच्या डोक्याच्या आकाराचा, पुठ्ठ्याचा होता.

रचना : फुग्यांच्या दोन जोड्या गाठीपाशी एकमेकींत पिळल्या की चौकडी होते. अशा चौकड्या दोरीवर किंवा नळीवर चढवून कमान व खांब उभारतात. हिमाचा ढीग नैसर्गिक दिसावा म्हणून 5, 12 व 18 इंची फुगे मिसळतात. सगळे एकाच मापाचे घेतले तर ढीग लाडवांच्या ताटासारखा दिसतो. पडते हिम दाखवायला लहान पांढरे फुगे नायलॉनच्या बारीक दोऱ्याने छताला टांगतात. त्यासाठी हेलियम लागत नाही. रस्त्यावरच्या ‘गॅसच्या फुग्यांत’ बहुधा ज्वलनशील हायड्रोजन असतो, म्हणून ते येथे वापरू नयेत.

हिमस्फटिक हा या कामातला कसोटीचा भाग. बर्फातल्या रेणूंची मांडणी षट्कोनी असल्याने तो षड्भुज असतो. योहानेस केप्लर यांनी 1611 मध्येच ‘सहाच का?’ असा प्रश्न मांडला होता. चौकडीच्या सवयीने सजावटकार सर्रास चार किंवा आठ भुजांचा स्फटिक करतात. तो दिसतो छान, पण हिमाचा नव्हे. वास्तविक सोपा उपाय हाताशी आहे : तीन लांब, नळीसारखे फुगे मधोमध एकत्र पिळले की आपोआप सहा भुजा होतात.

इंदुरात डिसेंबरच्या पहाटे 10° से.च्या आसपास असलेले तापमान दुपारी 26° पर्यंत चढते. तेवढ्याने आतली हवा सुमारे 6 टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून सकाळी भरलेले फुगे जरा ढिले ठेवावे लागतात. उन्हात लॅटेक्सचे ऑक्सिडीकरण होऊन पारदर्शक फुगा धुरकट होतो. इतर सजावटीत हा दोष ठरतो. हिमदेखाव्यात मात्र तो खपून जातो, किंबहुना शोभतो. पारदर्शक फुग्यात कापसाचे कण भरून तो केसांवर घासला की ते स्थितिक विद्युतभाराने फुग्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. कोरड्या थंडीत हे चांगले जमते, पावसाळ्यात जवळजवळ नाही. पिवळ्या दिव्यांखाली पांढरे फुगे सायीच्या रंगाचे दिसतात. त्यामुळे थंड पांढऱ्या प्रकाशाचे दिवे लावतात.