बीबीएसच्या मजकुरातले रंगाचे कोड आले कुठून

जुन्या बीबीएसची (म्हणजे इंटरनेटच्या आधी फोनवरून कॉल करून मेसेज वाचायचे-लिहायचे त्या कॉम्प्युटरची) एखादी टेक्स्ट फाइल उघडली की मजकुराच्या मध्येच |१५, |०९ असं काहीतरी दिसतं, नाहीतर @ चिन्ह, एक्स आणि पुढे दोन अक्षरं, आणि बऱ्याच जणांना वाटतं फाइल करप्ट आहे. करप्ट वगैरे काही नाही, ते रंग आहेत. आणि मला विचाराल तर बीबीएस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, फक्त त्याबद्दल फारसं कुणी लिहित नाही.

सुरुवातीला रंग नव्हताच. वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ ला पहिला बीबीएस चालू केला, तेव्हाचे मोडेम (कॉम्प्युटर फोन लाइनला जोडणारी यंत्रं) ३०० बॉडचे, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. स्क्रीनवर अक्षर उमटतंय हेच खूप होतं. त्याच सुमाराला अमेरिकेत टर्मिनलसाठी अ‍ॅन्सीचं स्टँडर्ड ठरत होतं (अ‍ॅन्सी म्हणजे तिथली मानकं ठरवणारी संस्था, टर्मिनल म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड), त्यात एस्केप कॅरेक्टर (नंबर २७), मग चौकटी कंस, मग आकडे आणि शेवटी एम असं पाठवलं की अक्षरांचा रंग बदलायचा. ३० ते ३७ अक्षराचा रंग, ४० ते ४७ मागचा रंग, आणि १ म्हणजे ठळक.

मग १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला आणि त्याच्या कलर कार्डात प्रत्येक अक्षरामागे एक जास्तीचा बाइट होता. त्यातले ४ बिट अक्षराच्या रंगाला, ३ बिट मागच्या रंगाला, उरलेला १ लुकलुकण्यासाठी. म्हणजे अक्षराला १६ रंग, मागे ८. पण गंमत बघा, दोघांचा क्रमच वेगळा. अ‍ॅन्सीत १ म्हणजे लाल आणि ४ म्हणजे निळा, आयबीएमच्या कार्डात १ निळा आणि ४ लाल. आणि अ‍ॅन्सीचा पिवळा पीसीवर साधा पाठवला तर चक्क तपकिरी दिसायचा, कारण आयबीएमने आपल्या मॉनिटरमध्ये त्या एका रंगातला हिरवा मुद्दाम कमी केला होता, पिवळा हवा तर आधी ठळक करायला लागायचं. हे लक्षात ठेवूनच सगळ्यांना काम करावं लागलं.

१९८३ च्या डॉस २.० बरोबर (डॉस म्हणजे पीसीची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) अ‍ॅन्सीचा ड्रायव्हर आला, टर्मिनल प्रोग्रामही हे कोड ओळखायला लागले आणि बीबीएसवर रंग आले. तरी सिसॉपला (म्हणजे बीबीएस चालवणाऱ्याला) तीन अडचणी होत्याच. एक, निळ्यावर झगझगीत पांढरं लिहायचं तर आधीचं पुसून मग सगळं सांगायचं, त्यात १२ अक्षरं जातात, आणि हे हाताने टाइप करत बसायचं. दुसरं म्हणजे एस्केप कॅरेक्टर साध्या एडिटरमध्ये सहज टाकताच येत नाही, आणि कॉल करणाऱ्यांना मेसेजमध्ये ते टाकू द्यायचं म्हणजे धोका, कारण डॉसच्या त्या ड्रायव्हरला एखाद्या बटणाचा अर्थ बदलायलाही सांगता यायचं. कुणी खोडसाळपणे तसली फाइल अपलोड केली आणि दुसऱ्याने ती डॉसवर उघडून वाचली की एका बटणाला फाइल उडवायची कमांड चिकटू शकायची. तिसरी अडचण सगळ्यात मोठी, कॉल करणाऱ्या प्रत्येकाकडे रंग होताच असं नाही. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या स्क्रीनवर नुसता आकड्यांचा आणि कंसांचा कचरा. म्हणून अनेक सिसॉप एकाच मेनूच्या दोन फाइल ठेवायचे, एक साधी, एक रंगीत, आणि मेनू बदलला की दोन्ही दुरुस्त करत बसायचे.

बीबीएसच्या स्वतःच्या कोडांनी हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात सोडवले. फाइलमध्ये छोटी खूण ठेवायची, आणि लाइनवर पाठवताना सॉफ्टवेअरच बघणार की या माणसाकडे रंग आहे का. असेल तर खुणेचं अ‍ॅन्सी करून पाठवायचं, नसेल तर खूण गिळून टाकायची. फाइल एकच! समोरच्याचा स्क्रीन कसा आहे याची काळजी लिहिणाऱ्याने करायची गरजच उरली नाही.

प्रत्येक बीबीएस सॉफ्टवेअरची खूण वेगळी. पीसीबोर्डची खूण म्हणजे @, एक्स, आणि हेक्सचे (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) दोन अंक, पहिला मागचा रंग, दुसरा अक्षराचा. @एक्स१एफ म्हणजे निळ्यावर पांढरं. नीट बघितलं तर हा आयबीएमच्या कार्डातला तोच बाइट आहे, जसाच्या तसा. वाइल्डकॅटनेही तेच दोन अंक घेतले, फक्त दोन्ही बाजूंना @ लावला. सिंक्रोनेटमध्ये कंट्रोल-ए (स्क्रीनवर अक्षर म्हणून न छापलं जाणारं कंट्रोल कॅरेक्टर) आणि पुढे रंगाचं अक्षर, आर म्हणजे रेड, जी म्हणजे ग्रीन, लक्षात ठेवायला सगळ्यात सोपं.

पण मला सगळ्यात आवडते ती डब्ल्यूडब्ल्यूआयव्हीची पद्धत. वेन बेल यांनी १९८४ मध्ये शाळकरी वयात हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यात ३ नंबरचं कंट्रोल कॅरेक्टर आणि पुढे ० ते ९ मधला एक आकडा, झालं. पीसीच्या स्क्रीनवर ३ नंबरचं कॅरेक्टर बदामाच्या आकाराचं दिसतं म्हणून त्यांना हार्ट कोड म्हणायचे. खरी गोष्ट पुढे आहे, तो आकडा कुठला ठरलेला रंग सांगतच नाही. तो एका खणाचा नंबर आहे, आणि त्या खणात कुठला रंग ठेवायचा हे वाचणारा ठरवतो. रंगीत स्क्रीनसाठी १० खण, ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळे १०. लिहिणाऱ्याने म्हणायचं हे ठळक महत्त्वाचं आहे, आणि वाचणाऱ्याने आपल्या डोळ्यांना सोसेल त्या रंगात ते बघायचं. इतक्या लहान मशीनवर हा विचार कुणीतरी केला याचं मला अजून कौतुक वाटतं.

डब्ल्यूडब्ल्यूआयव्हीच्या जुन्या, पास्कल या प्रोग्रामिंग भाषेतल्या सोर्स कोडवरून टेलिगार्ड निघालं, टेलिगार्डवरून रेनेगेड, आणि रेनेगेडने उभ्या रेघेचे कोड लोकप्रिय केले, |०० ते |१५ अक्षराला, |१६ ते |२३ मागे. टाइप करायला सोपे, कंट्रोल कॅरेक्टरची भानगड नाही, म्हणून ते पसरले. आज मिस्टिकसारख्या सॉफ्टवेअरमध्येही तेच आहेत.

कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांना यातलं काही लागलंच नाही, त्यांच्या कॅरेक्टर सेटमध्येच रंग बदलणारी कॅरेक्टर होती, ५ पाठवला की पांढरं, २८ पाठवला की लाल.

पंचाईत झाली ती बीबीएस एकमेकांना जोडणाऱ्या फिडोनेटसारख्या नेटवर्कमुळे. मेसेज एका बोर्डावर लिहायचा, वाचला जायचा शंभर ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी सॉफ्टवेअर वेगळं. जिथे कोड ओळखू यायचा नाही तिथे तो कचरा म्हणून छापला जायचा. आपल्या घरात खूण बरोबर काम करते, दाराबाहेर पडली की तिला अर्थ नाही. सिंक्रोनेटने पुढे यावर उपाय केला, सिसॉपने सेटिंग केलं की पीसीबोर्ड, वाइल्डकॅट, डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही, रेनेगेड, सेलेरिटी अशा पाच जणांच्या खुणा ते ओळखतं.

म्हणून जुने मेसेज जपणाऱ्यांना एक सांगणं आहे. साफसफाई म्हणून हे कोड काढून टाकू नका, निदान मूळ फाइलची एक कॉपी तशीच ठेवा. नुसत्या खुणेवरूनच बऱ्याचदा कळतं की मेसेज कुठल्या जातीच्या बोर्डावर लिहिला गेला, आणि हेडर (मेसेजच्या वरची नाव-तारखेची माहिती) हरवलेल्या फाइलमध्ये तेवढाच पुरावा शिल्लक असतो.