पर्वतीय अनुकूलन

बदलत्या हवामानानुसार डोंगराळ भागातील शेती, पाणी व वन यांच्या व्यवस्थेत बदल करणे आणि त्यासाठीचे शास्त्रीय ज्ञान निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचविणे. विदर्भात ही संज्ञा प्रामुख्याने मेळघाटास (अमरावती जिल्हा, चिखलदरा व धारणी तालुके) लागू पडते.

संकल्पनेचा उगम सामान्यतः १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘अजेंडा २१’ या कार्यक्रमपत्रिकेच्या तेराव्या प्रकरणाशी जोडतात. तथापि त्यात भर पर्वतांच्या शाश्वत विकासावर आहे. अनुकूलनाची जबाबदारी त्याच वर्षीच्या हवामानबदल करारात येते. हे दोन प्रवाह नंतर केव्हातरी एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक.

‘पर्वत’ कशास म्हणावे, हा वाद जुना आहे. कापोस व सहकारी संशोधकांच्या वर्गीकरणात (२०००) ३०० ते १,००० मी. उंचीचा प्रदेशही, सु. ७ किमी. त्रिज्येत ३०० मी.हून अधिक उठाव असल्यास, पर्वतीय ठरतो. या हिशेबाने जगाच्या भूभागापैकी सु. २४ टक्के भाग पर्वतीय आहे. कोर्नर यांनी (२०११) उंची वगळून केवळ खडबडीतपणा (लगतच्या ठिकाणांच्या उंचीतील फरक) धरला, तेव्हा हे प्रमाण सु. १२ टक्क्यांवर आले. मेळघाटातील गाविलगड या सातपुड्याच्या रांगेचे (वैराट शिखर, सु. १,१७८ मी.) कडे दोन्हींत बसावेत, पण कोर्नर यांच्या निकषाने माथ्यावरचे सपाट पठार गळण्याचा संभव आहे, आणि शेती तेथेही आहे. म्हणून मेळघाटापुरते पहिले वर्गीकरण ग्राह्य वाटते. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. २००८ च्या हवामानबदलविषयक राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक हिमालयासाठी आहे. सातपुड्यासाठी तसे नाही.

दुसरी अडचण मोजणीची. भारतीय हवामान विभागाच्या पाऊसनोंदींचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे बाजूस सु. २५ किमी. असतो, त्यात घाटमाथा व पायथा एकत्र येऊ शकतात. राज्यातील ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत, एका मंडळात अनेक दऱ्या येतात.

निर्णय घेणारे म्हणजे मंत्रालयच नव्हे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा, १९९६) लागू होतो. वनहक्क कायद्यान्वये (२००६) सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा वनाचा व्यवस्थापन आराखडा स्वतः करते. मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर गावाचे उदाहरण परिचित आहे. शास्त्रीय सल्ला या आराखड्यात उतरला, तरच त्याला कायद्याचे बळ मिळते.

सल्ला सहसा मराठीत येतो. पण मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील वेगळी भाषा आहे.