आमरसाची डबाबंदी (कोकण)

पिकलेल्या आंब्याचा गाळलेला रस तापवून पत्र्याच्या डब्यात भरणे, डबा हवाबंद करून उकळत्या पाण्यात ठेवणे आणि लगेच थंड करणे, या कामाला रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘डबे भरणे’ किंवा नुसते ‘कॅनिंग’ म्हणतात. साखर किंवा परिरक्षक न घालताही असा रस वर्षभर टिकतो. पेटीत न बसणारा, डागी, लहान किंवा जास्त पिकलेला माल ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून किलोवर विकला जातो. मे महिन्यात पेटीचा भाव उतरला की बागायतदाराचे लक्ष कॅनिंगच्या दराकडे लागते. स्वतःचा आंबा कारखान्यात नेऊन डब्यामागे मजुरी देऊन रस भरून घेण्याची पद्धतही आहे. डबे प्रामुख्याने दोन मापांचे असतात: ८५० ग्रॅमचा घरगुती आणि ३.१ किलोचा मोठा, जो हॉटेले व मिठाईवाले घेतात.

रस टिकणे दोन आकड्यांवर अवलंबून असते, रसाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका रस आंबट) आणि डब्याच्या मध्यभागाचे तापमान. ‘अर्धा तास उकळला’ हे वाक्य कारखान्यात सर्रास ऐकू येते, पण या दोन आकड्यांशिवाय त्याला अर्थ नाही.

पार्श्वभूमी

अन्न बंद भांड्यात भरून उकळल्यास टिकते, हे फ्रान्सच्या निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांवर दाखवले आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. असे अन्न का टिकते, याचा उलगडा लुई पाश्चरच्या कामानंतर, म्हणजे अर्ध्या शतकाने झाला. भारतात फळप्रक्रियेला १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एफपीओ’) परवाना लागू झाला. आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू असला, तरी जुने कारखानदार अजून ‘एफपीओ’ असेच म्हणतात.

आंबट असण्याचा फायदा

बोटुलिझम हा जीवघेणा आजार ज्या जिवाणूच्या विषामुळे होतो, त्याचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. मात्र ४.६ किंवा त्याहून कमी पीएचच्या पदार्थात ते रुजत नाहीत. त्यामुळे आंबा, अननस, कोकम यांना उकळते पाणी पुरते. बांगडा किंवा कोळंबी डब्यात भरायची तर १२१ अंशांचा दाबाचा रिटॉर्ट (वाफेचे बंद पात्र) लागतो. आंब्याच्या टाकीत मासे शिजवून डबे भरण्याचा ‘जोडधंदा’ कोणी सुचवला तर त्याला तिथेच थांबवावे.

हापूसच्या रसाचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो. फळ जसजसे पिकत जाते तसतसे आम्ल घटते आणि पीएच चढतो. आढीत विसरलेल्या, सुरकुतलेल्या आंब्याचा रस ४.५ च्याही पुढे जाऊ शकतो. गोडी सर्वांत जास्त असते तेव्हाच धोकाही जास्त असतो. म्हणून ४.६ ही मर्यादा मानून काम करू नये, ४.० च्या खालचे लक्ष्य ठेवावे. ४.० ते ४.६ या मधल्या पट्ट्यात बोटुलिझमची भीती नसली, तरी उष्णता सोसणारे इतर काही जिवाणू वाढतात. त्यांतले काही डबा न फुगवताच रस आंबवतात, त्यामुळे डबा उघडेपर्यंत काही कळत नाही.

माल आणि रस

चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याला थोडा कमी) तयार झालेला आंबा काढून आढीत गवतावर पिकवतात. कारखान्यात पहिली निवड कुजलेले आणि देठाशी काळे पडलेले आंबे काढण्यासाठी होते. खाली पडलेला आंबा मातीसह आत आला तर त्याबरोबर बिसोक्लॅमिस जातीच्या बुरशीचे बीजाणू येतात, आणि ते ८५-९० अंशांनाही मरत नाहीत. यावर रसायनापेक्षा वाहत्या पाण्यात नीट धुणे आणि पडीचा माल वेगळा ठेवणे हाच उपाय आहे.

हापूसची खरी अडचण म्हणजे साका. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. तो बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सावध कारखान्यांत आंबा थेट पल्परमध्ये (गर गाळून रस काढणाऱ्या यंत्रात) न टाकता आधी सुरीने कापून पाहतात. साक्याचा भाग रसात गेला तर रंग फिका पडतो आणि चव ‘कच्ची’ लागते. पल्परची चाळणी आणि भांडी स्टेनलेस स्टीलचीच हवीत. लोखंड किंवा कल्हई गेलेले तांबे लागले तर रस काळपटतो. ढोबळमानाने दोन किलो आंब्याला एक किलो रस धरतात.

आम्ल मोजणे आणि वाढवणे

१० ग्रॅम रस उकळून गार केलेल्या पाण्यात चांगला पातळ करून त्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या सूचकाचे थेंब टाकतात आणि गुलाबी छटा येईपर्यंत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून (खुणा केलेल्या नळीतून) सोडतात. जितके मिलिलिटर लागतील त्याला ०.०६४ ने गुणले की सायट्रिक आम्लाची टक्केवारी मिळते. समजा ५ मिलिलिटर लागले, तर आम्लता ०.३२ टक्के झाली. ती ०.५ टक्क्यांवर न्यायची तर किलोमागे १.८ ग्रॅम, १०० किलोला १८० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) लागेल. ते थोड्या पाण्यात विरघळवून मगच ढवळत घालावे. कोरडी पूड टाकली तर एका कोपऱ्यात चटका आणि दुसरीकडे काहीच नाही, अशी गत होते.

हापूसच्या केशरी रंगात गुलाबी छटा दिसायला कठीण जाते आणि नवशिका हमखास दोन-तीन मिलिलिटर जास्त सोडतो. त्यापेक्षा पीएच मीटर लावून ८.१ ला थांबणे चांगले. आम्ल घातल्यावर पीएच पुन्हा मोजावाच लागतो, कारण आम्लतेची टक्केवारी आणि पीएच एकमेकांच्या प्रमाणात बदलत नाहीत.

पीएच मीटर

पीएचची कल्पना डॅनिश रसायनतज्ज्ञ सोरेन्सन याने १९०९ मध्ये मांडली. ती रोजच्या वापरात आली ती अर्नोल्ड बेकमनच्या यंत्रामुळे, आणि त्या यंत्राचे मूळही फळांच्या रसातच आहे. कॅलिफोर्नियात लिंबाचा रस तपासणाऱ्या एका रसायनतज्ज्ञ मित्राची अडचण होती की रसातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे रंगबदलावर चालणाऱ्या चाचण्या निरुपयोगी ठरत. त्याच्यासाठी बेकमनने १९३४ मध्ये काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबचा वर्धक जोडला. काचेच्या पातळ फुग्यावर पीएचच्या एका अंकामागे २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. काचेचा विजेला होणारा विरोध प्रचंड असल्यामुळे साध्या व्होल्टमीटरला तो मोजता येत नाही.

कोकणात मीटर बिघडण्याचे कारण बहुधा याच विरोधात असते. जोडणीच्या सॉकेटमध्ये दमट, खारी हवा शिरली की तिथूनच सूक्ष्म गळती सुरू होते. आकडा स्थिर राहत नाही, सरकत राहतो. लोक इलेक्ट्रोड बदलतात, पण दोष प्लगमध्ये असतो. तो कोरडा पुसून मीटर सिलिका जेलच्या डब्यात ठेवला की बरेचदा काम भागते.

इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवायचा. ‘स्वच्छ राहावा’ म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवणे ही सर्वांत महागडी स्वच्छता, कारण आतले क्षार निघून जातात. सकाळी ७.०० आणि ४.०० पीएचच्या बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) मीटर लावून घ्यावा. आंब्याचा रेशा इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रात अडकतो, म्हणून दर नमुन्यानंतर पाण्याने धुवून टिपकागदाने टिपावे, घासू नये. नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजावा.

ब्रिक्स

रसातले विद्राव्य घन पदार्थ, मुख्यतः साखर, हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात; त्यांच्या टक्केवारीला ब्रिक्स म्हणतात. हापूसच्या डबाबंद रसाला साधारण १६ ब्रिक्सची किमान अपेक्षा असते, चांगला माल १८ च्या पुढे जातो. उपकरण २० अंशांना जुळवलेले असते. ३० अंशांना आकडा सुमारे ०.८ ने कमी दिसतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा त्याहून वर असतो. आपोआप दुरुस्ती करणारे उपकरण नसेल तर १६ चा माल १५ दाखवून नाकारला जातो. भट्टीवरचा गरम थेंब थेट काचेवर टाकला तर ही दुरुस्तीही कामाला येत नाही.

तापवणे, भरणे, शिवणे

रस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून, गरम असतानाच डब्यात काठोकाठ न भरता थोडी जागा ठेवून भरतात आणि लगेच सिमर या यंत्रावर झाकण शिवतात (पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून बसवतात). गरम भरल्यामुळे रंग बिघडवणारी विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात आणि डबा गार झाल्यावर आत निर्वात तयार होते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत कमी लक्षात घेतले जाते.

आमरस दाट असतो. डब्यात तो पाण्यासारखा फिरत नाही, म्हणून उष्णता कडेकडून मध्याकडे वहनाने, अगदी सावकाश सरकते. ८५० ग्रॅमचा डबा सुमारे १० सेंटिमीटर रुंद असतो. त्यात ३० अंशांचा रस भरून अर्धा तास उकळला, तर मध्यभाग काही अंशांनीच चढतो. बाहेरचा पत्रा शंभर अंशांवर आणि पोटात अजून कोमट रस. उलट ८५ अंशांना भरलेल्या डब्याचा मध्य आधीच तापलेला असतो, आणि उकळत्या पाण्यातली २० ते ३० मिनिटे फक्त पत्रा, झाकण व वरची मोकळी जागा यांच्यासाठी असतात. भरणाऱ्यांची रांग तुंबली आणि रस ७० वर आला, तर तो परत भट्टीवर नेला पाहिजे. ‘पाण्यात दहा मिनिटे जास्त ठेवू’ हा उपाय नव्हे.

खात्री करायची तर एका डब्याला भोक पाडून थर्मोकपलचे टोक बरोबर मध्यात बसवतात. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांवरील तापमानफरकाने वीज निर्माण होते हा झेबेकचा १८२१ चा शोध, त्यावरच हे साधन चालते. तांबे-कॉन्स्टंटन जोडीत एका अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. पातळ कोकम सरबतात प्रवाह फिरतो, म्हणून तिथे सर्वांत थंड बिंदू मध्याच्या खाली असतो. आमरसासाठी ठरवलेली थर्मोकपलची जागा तशीच उचलून सरबताला लावू नये.

साधा थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासून घेता येतो. किनाऱ्यावर पाणी १०० अंशांना उकळते. आंबोलीत, सुमारे ७०० मीटरवर, ते ९७-९८ अंशांनाच उकळते. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर उघड्या भट्टीवर वापरू नये. तो फुटला तर सगळा घाणा (एका वेळी केलेला माल) फेकावा लागतो. वळिवाच्या वाऱ्यात वीज गेली आणि टाकीचे पाणी उकळायचे थांबले, तर मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

थंड करणे

इथे घाई हवी. डबे गरमच रचून ठेवले तर ढिगाच्या आतले तासन्‌तास शिजत राहतात आणि रस तपकिरी होतो. डबा गार होतो तोही त्याच संथ चालीने. हाताला पत्रा थंड लागला म्हणून पाण्याबाहेर काढलेला डबा पाच मिनिटांनी हलवून पाहिला तर पुन्हा गरम लागतो. साधारण ३८-४० अंशांवर थांबावे, म्हणजे उरलेल्या उबेने पत्रा सुकतो. त्याहून गार केला तर ओला राहतो आणि कोकणच्या दमट हवेत शिवणीवर गंज धरतो.

थंड करायचे पाणी क्लोरीन घातलेले हवे. गार होताना डब्यात निर्वात तयार होते आणि शिवण अजून मऊ असते, त्यामुळे सूक्ष्म फटीतून थेंबभर पाणी आत ओढले जाऊ शकते. उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीचे गढूळ पाणी वापरून नेमके उकळलेले डबे वाया घालवल्याची उदाहरणे धंद्यात कमी नाहीत.

बिघाड ओळखणे

प्रत्येक घाण्यातले काही डबे ३७ अंशांना दहा दिवस ठेवून पाहतात. दोन-चार दिवसांत फुगला तर शिवण गळकी किंवा उष्णता अपुरी. शिवण कापून झाकणाची आणि डब्याची घडी एकमेकींत किती गुंतली आहे ते सूक्ष्ममापीने पाहावे. अनेक महिन्यांनी फुगला आणि रसाला आंबूस वास नसेल, तर आम्ल पत्र्याशी लागून हायड्रोजन तयार झाला असण्याची शक्यता असते. आतला लाखेचा थर ओरखडलेल्या, खाच पडलेल्या डब्यांत हे लवकर होते. कारण कोणतेही असो, ओळखत बसून चव घेऊ नये. फुगलेला डबा टाकायचाच.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक (किलोला सुमारे २ ग्रॅम) घालून पिंपात ठेवलेला रस नंतर पत्र्याच्या डब्यात भरू नये. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड पत्रा खातो आणि रसाला काळेपणा व घाण वास येतो.

घरी बाटल्या भरणे

तत्त्व तेच आहे. बाटल्या आधी गरम पाण्यात तापवाव्या, नाहीतर ८५ अंशांचा रस ओतताच तडकतात. टोपाच्या तळाला दुमडलेले फडके घालावे, पाणी बाटलीच्या मानेपर्यंत असावे, आणि उकळी फुटल्यापासून अर्धा तास मोजावा. काच थंड पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून आधी कोमट, मग साध्या पाण्यात उतरवतात. घरी पीएच मीटर नसतो. तिथे पहिल्या तोडीचा, किंचित आंबटपणा राहिलेला आंबा घ्यावा आणि किलोला दोन ग्रॅम लिंबूसत्त्व घालावे. पायरी आणि रायवळ मिसळले तर रस पातळ होतो, पण आंबटपणा मिळतो. वेंगुर्ले-मालवणकडे कित्येक घरांत हेच मिश्रण मुद्दाम करतात.