क्लिनिकमध्ये इमिग्रेशन अधिकारी आले तर कोणता कागद बघायचा आणि कोणी बोलायचं

अमेरिकेत दवाखाने, शाळा, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो इमिग्रेशनची कारवाई करू नका, अशी सूचना होमलँड सिक्युरिटी खात्यानेच आपल्या अधिकाऱ्यांना देऊन ठेवली होती. ऑक्टोबर २०२१ चं ते धोरण २० जानेवारी २०२५ ला मागे घेतलं गेलं. त्यामुळे स्वतःची प्रॅक्टिस चालवणाऱ्या किंवा फ्रंट डेस्क सांभाळणाऱ्या मराठी मंडळींनाही आता याची तयारी करून ठेवावी लागते. धोरण गेलं तरी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती (सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी) आणि रुग्णांच्या माहितीचा १९९६ चा हिपा कायदा जागच्या जागी आहेत. सगळी तयारी या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी जागेची विभागणी

वेटिंग रूम कोणालाही खुली असते, तशी ती अधिकाऱ्यांनाही खुली असते. तिथे यायला त्यांना वॉरंट लागत नाही. तपासणीच्या खोल्या, लॅब, रेकॉर्डची खोली, स्टाफची जागा हा मात्र खाजगी भाग. तिथे शिरायला न्यायालयाचं वॉरंट लागतं, नाहीतर तुमची संमती. मेख या संमतीतच आहे. आपल्याला 'या, बसा' म्हणायची सवय. पण दार उघडून धरणं किंवा मान डोलावून आत वाट दाखवणं हीसुद्धा संमती धरली जाऊ शकते. म्हणून आतल्या दारावर 'फक्त रुग्ण आणि कर्मचारी' अशी पाटी लावा आणि ते दार बंद ठेवा.

काउंटरवरून सहज दिसेल ते अधिकारी पाहू शकतात. रुग्णांनी सह्या केलेला साइन-इन कागद, वेटिंग रूमच्या बाजूला वळलेला संगणकाचा स्क्रीन, हातात धरलेली फाइल, सगळंच. साइन-इनचा कागद बंद करून एकेकाला वेगळी चिठ्ठी देणं हा अर्ध्या तासात होणारा बदल आहे, आणि तो एरवीही करायला हवा.

बोलायचं कोणी?

प्रत्येक शिफ्टला एक जबाबदार माणूस आणि त्याचा एक बदली ठरवा. त्यासाठी पदवी लागत नाही. माणूस थंड डोक्याचा असावा, दिवसभर जागेवर असावा आणि वकिलाचा नंबर त्याच्याकडे असावा, एवढं पुरे. बाकी सगळ्यांनी, अगदी शनिवारी मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनीही, एकच वाक्य पाठ करायचं: 'मला यावर निर्णय घेण्याचा अधिकार नाही, मी मॅनेजरना बोलावते, तुम्ही कृपया इथेच थांबा.' अमुक रुग्ण आत आहे का, आज त्याची अपॉइंटमेंट आहे का, याला हो नाही आणि नाहीही नाही. खोटं तर मुळीच बोलायचं नाही. फेडरल अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. कोणाला मागच्या दाराने काढून देणं, लपवणं, अधिकाऱ्यांच्या वाटेत आडवं उभं राहणं यानेही केस अंगावर येते. गप्प राहण्याचा हक्क आहे, अडवण्याचा नाही.

कागद कसा वाचायचा?

'वॉरंट' हा शब्द दिसला की लोक घाबरतात. आधी वरची ओळ वाचा, मग खालची सही. वर 'होमलँड सिक्युरिटी' आणि फॉर्म आय-२०० किंवा आय-२०५ असेल, तर ते प्रशासकीय वॉरंट. त्यावर सही खात्याच्याच अधिकाऱ्याची असते, आणि तेवढ्यावर खाजगी भागात प्रवेश मिळत नाही. इमिग्रेशन जजच्या आदेशाचंही तेच, कारण तो जज न्याय खात्याचा कर्मचारी असतो, फेडरल न्यायालयाचा न्यायाधीश नव्हे.

वर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' आणि खाली न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही असेल, तर तो खरा न्यायालयीन कागद. मग पत्ता तुमचाच आहे का, मुदत संपली आहे का (फेडरल झडतीच्या वॉरंटला जास्तीत जास्त १४ दिवस असतात), झडती कोणत्या खोल्यांची आणि कशाची, हे तपासा. लिहिलं आहे तेवढंच होऊ द्या, पलीकडच्या गोष्टीला संमती नाही असं तोंडी सांगा. त्याउपर त्यांनी केलंच तर अंगावर जाऊ नका, टिपून ठेवा.

सबपीना, म्हणजे कागद किंवा माहिती हजर करण्याचा आदेश, वेगळा. खात्याने स्वतः काढलेल्या प्रशासकीय सबपीनावर लगेच काही द्यावं लागत नाही. न पाळल्यास खात्याला न्यायालयात जावं लागतं. तो घ्या आणि त्याच दिवशी वकिलाकडे पाठवा, त्यावर तारीख असते. हिपा काही प्रसंगी पोलिसांना माहिती द्यायची मुभा देतो, सक्ती करत नाही, हा फरक स्टाफला नीट समजावून सांगा.

सगळेच अधिकारी धरपकडीसाठी येत नाहीत

हे बहुतेक प्रशिक्षणात राहून जातं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे डॉक्टर नोकरीला असतील, तर यूएससीआयएसचे (व्हिसाचे अर्ज तपासणाऱ्या विभागाचे) लोक साइट व्हिजिटला येऊ शकतात: माणूस खरंच इथे काम करतो का, पगार किती, काम कोणतं, एवढं बघायला. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार सहकार्य नाकारलं तर पिटिशन (त्या डॉक्टरसाठी तुम्ही केलेला व्हिसाचा अर्ज) फेटाळली किंवा रद्द होऊ शकते. 'वॉरंट आणा' म्हणून त्यांना परत पाठवाल, तर नुकसान आपल्याच डॉक्टरांचं. म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही कोणत्या विभागाचे, आणि ओळखपत्र दाखवाल का?

कर्मचाऱ्यांच्या आय-९ फॉर्मची (अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीच्या नोंदीची) तपासणी हा तिसरा प्रकार. त्याची नोटीस मिळाल्यावर तीन कामाचे दिवस मिळतात, जागेवर फाइल काढून द्यायची गरज नसते. हे फॉर्म रुग्णांच्या कागदांपासून वेगळे ठेवा.

फाइलमध्ये काय हवं?

एका फोल्डरमध्ये वकिलाचा नंबर, दोन जबाबदार माणसांची नावं, दोन्ही वॉरंटचे नमुने, खाजगी भाग रंगवलेला नकाशा आणि नोंदीचा कोरा कागद. रुग्णाच्या चार्टमध्ये इमिग्रेशनची स्थिती लिहू नका, उपचाराला ती लागत नाही. फ्लोरिडा आणि टेक्ससमध्ये हॉस्पिटलांना हा प्रश्न विचारावा लागतो, पण रुग्ण उत्तर नाकारू शकतो. कॅलिफोर्नियाने मात्र २०२५ च्या कायद्यात ही माहिती आणि जन्मस्थान वैद्यकीय गोपनीयतेत घातलं. आपल्या राज्याचा नियम वकिलाकडून एकदा लेखी घेऊन त्याच फोल्डरमध्ये लावा.

अधिकारी गेल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, नावं, बॅज नंबर, वेळ, कुठे कुठे गेले आणि कोण काय बोललं ते लिहा, कागदाची प्रत जोडा. व्हिडिओ काढायचा मोह होतो, पण मागे बसलेल्या रुग्णांचे चेहरे त्यात येतात.