नर्सच्या फोनवर चालणारा ब्रेन ट्यूमरचा फॉलोअप

ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, केमो संपली किंवा घरी घ्यायच्या गोळ्यांवर आली, पेशंट घरी आला की पुढे कित्येक वर्षं जी देखरेख लागते तिचा मोठा भाग ओपीडीत न बोलावता, या आजाराचं खास ट्रेनिंग असलेली नर्स फोनवर नाहीतर व्हिडिओ कॉलवर करते, ती ही पद्धत. ब्रिटनमध्ये यासाठी क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असं पदच आहे, आणि तिथल्या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस (NICE) या संस्थेच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये प्रत्येक पेशंटला नावानिशी ठरलेला एक माणूस हवा असं म्हटलंय, तो बहुतेक वेळा ही नर्सच असते.

फोनवर ती विचारते फिट आली का, गोळी चुकली का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का. डेक्सामेथासोन ही मेंदूची सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर शुगर किती, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहतो का, आणि ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी साधारण 28 दिवसांत 5 दिवस घेतात, पुढच्या सायकलआधी रक्ताचा रिपोर्ट बघायचा असतो, तो गावातल्या लॅबमधून मागवता येतो.

पण खरं काम घरच्यांशी बोलण्यात आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला धक्का लागलेल्या माणसाला आपण बदललोय हे स्वतःला कळतच नाही कधीकधी, तो म्हणतो मी एकदम ठीक, आणि बायको सांगते हे आता लहान गोष्टीवरून ताट भिरकावतात. हे एमआरआयमध्ये दिसत नाही. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीनेही चिडचिड वाढते, म्हणजे नर्सने वेळेत विचारलं तर डॉक्टर नुसती गोळी बदलून घर शांत करू शकतात! शेक घेतलेल्यांना काही वर्षांनी पिट्युटरी या मेंदूतल्या ग्रंथीचे हार्मोन कमी पडणं, मोतीबिंदू, विसरभोळेपणा, स्ट्रोक असंही होऊ शकतं, स्कॅन क्लिअर असला तरी.

फोनला मर्यादा आहेतच. डोळ्याच्या मागच्या बाजूला नसेच्या टोकाला आलेली सूज, चालताना जाणारा तोल हे समोरच बघावं लागतं, आणि फिट 5 मिनिटांत थांबली नाही तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

भारतात मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइननुसार फोनवर औषध लिहून देण्याचा अधिकार रजिस्टर्ड डॉक्टरलाच आहे, नर्स माहिती घेऊन त्यांच्यापर्यंत पोचवू शकते (ब्रिटनमध्ये जादा ट्रेनिंग घेतलेल्या नर्स स्वतः औषध लिहितात). तरी परळच्या टाटा हॉस्पिटलला गडचिरोलीहून येणाऱ्यासाठी दहा मिनिटांच्या बोलण्याकरता अख्खा महाराष्ट्र ओलांडणं वाचलं तर ते फार मोठं आहे, फक्त सिस्टर पेशंटच्या घरच्या भाषेत बोलणारी पाहिजे, कारण मोडक्या हिंदीत अडखळणारा माणूस हिंदीमुळे अडखळतोय की ट्यूमरमुळे हे फोनवर ओळखता येत नाही.